घरचा उपाय कुठवर

बाईचं असलं दुखणं बाईनेच घरात निस्तरावं, असं मला बरीच वर्षं मनापासून वाटायचं. खाज सुटली, अंगावरून पांढरं जायला लागलं, की उपाय ठरलेले. तांदळाचं धुवण प्यायचं, कडुलिंबाच्या पाण्याने धुवायचं, तिखट बंद. आईने हेच केलं, सासूबाईंनी हेच सांगितलं. सातपूर एमआयडीसीत पाळीत काम करणाऱ्या आम्हा बायकांनी त्यात दह्याची भर घातली, खायलाही आणि लावायलाही. थोड्या दिवसांत आग कमी व्हायची आणि श्रेय दह्याला जायचं. महिना-दोन महिन्यांत पुन्हा तेच. ‘अंगात उष्णता आहे’ म्हटलं की पुढे कुणी विचारत नसे.

माझं मत बदललं ते तपासणीत. डॉक्टर मॅडमनी कापसाच्या काडीवर स्राव घेऊन कागदाच्या एका पट्टीला टेकवला, मग काचेवर थेंब घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला आणि मला बघायला बोलावलं. फुटवे फुटलेले बारीक, पारदर्शक धागे दिसत होते. ही कॅन्डिडा नावाची बुरशी. योनीतला ओलावा मुळात आंबट असतो, पीएच साधारण 3.8 ते 4.5, आणि तो आंबटपणा तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू राखतात. बुरशी झाली तरी हा आकडा सहसा बदलत नाही. तो 4.5च्या वर गेला, वास मारू लागला, तर दुखणं बहुधा दुसरंच असतं आणि त्याचं औषधही वेगळं. आम्ही मात्र सगळ्याला पांढरं जाणंच म्हणायचो आणि सगळ्यावर दहीच लावायचो.

“ताई, साखर कधी तपासली होती?” मॅडमनी विचारलं. तपासली, तर वाढलेली निघाली. रक्तातली साखर वाढलेली असली की ही बुरशी पुनःपुन्हा डोकं वर काढते. अँटिबायोटिक्सच्या कोर्सनंतरही अनेकींना हा त्रास होतो, कारण त्या गोळ्यांनी चांगले जिवाणूही मरतात. दह्यातले जिवाणू योनीत वस्ती करणाऱ्या जातींचे नसतात, हेही तेव्हाच कळलं. लसूण, तुरटी, डेटॉल यांनी तर नाजूक कातडी भाजते. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज दबते, बुरशी वाढतच राहते.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या होत्या. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास छापून आला. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी व उपचार झालेल्या फक्त 8 टक्के. ते आकडे वाचताना मला आमच्या कंपनीतली जेवणाची सुट्टी आठवत होती. आम्ही शहरातल्या, पगार मिळवणाऱ्या, तरी ‘तपासून घे’ असं एकीनेही दुसरीला कधी म्हटलं नव्हतं.

वर्षातून तीनदा किंवा जास्त वेळा बुरशीचा त्रास झाला, तर एका गोळीने भागत नाही. अशा वेळी फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, मग आठवड्याला एक, असे सहा महिने देतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. गरोदरपणात ही गोळी टाळतात, त्याऐवजी क्लोट्रिमॅझोल आत ठेवायला देतात.

घरच्या काळजीवरचा माझा विश्वास मात्र गेलेला नाही, उलट वाढला आहे. आतून धुवायचं नाही. बाहेरून साधं पाणी पुरतं, सुगंधी साबण नको. सुती चड्डी वापरायची. पॉलिएस्टरच्या युनिफॉर्ममध्ये आठ तास घामात काढल्यावर घरी येताच आधी कपडे बदलायचे. आतले कपडे साडीखाली दडपून दमट ठेवायचे नाहीत, उन्हात, उघड्यावर वाळवायचे. याला लाज आड येते, पण सून नि मुलगी घरात असताना हे आपणच सुरू करायला हवं. त्रास नसताना करायच्या या गोष्टी आहेत. दुखणं उभं राहिलं की त्यांच्या भरवशावर बसू नये.

सातपूरच्या मैत्रिणींनो, पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर त्र्यंबक रोडवरच्या कामगार विमा रुग्णालयात तपासणी आणि औषध तुमच्या हक्काचं आहे. पुन्हा त्रास झाला तर तिथे जा, आणि साखरही तपासून घ्या.