टक्क्यांच्या आत दडलेलं

दहावीचा निकाल लागला, की आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो, "किती टक्के?" आकडा कळला, की पेढा तोंडात टाकून विचारणारी पुढच्या घरी जाते. मग त्या एका आकड्यावर दोन दिवसांत घरात सगळं ठरतं. ऐंशीच्या वर असेल तर सायन्स, सत्तरच्या आसपास कॉमर्स आणि त्याखाली आर्टस्! पोलक्याचं माप घ्यावं तसं मुलांचं माप घेऊन आपण मोकळ्या होतो.

मी बी. ए. झालेली गृहिणी. घर सांभाळून एका शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. त्यामुळे निकालानंतरच्या आठवड्यात कुणा ना कुणाची आई गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे येतेच. यंदा मात्र ती गुणपत्रिका आमच्याच घरातली होती, माझ्या पुतणीची.

तिला ८०.८० टक्के मिळाले. घरात आनंदीआनंद! भाऊजींनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "सायन्स घ्यायचं आणि इंजिनिअर व्हायचं." त्यांना स्वतःला परिस्थितीमुळे बारावीनंतर नोकरी धरावी लागली होती. मुलीच्या दोन वर्षांच्या क्लाससाठी बँकेतली मुदत ठेव मोडायची त्यांची तयारी होती. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. पोरगीही गप्प. रात्री भांडी आवरताना ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकू, मला जमेल का गं?"

त्या प्रश्नाचं उत्तर ८०.८० या आकड्यात नव्हतं. म्हणून आम्ही दोघी गुणपत्रिका घेऊन बसलो. मराठी ८८, संस्कृत ९३, इंग्रजी ७४, सामाजिक शास्त्रे ८६, विज्ञान ६३ आणि गणित ५२.

आता पाहा. सहा विषयांची बेरीज होते ४५६, म्हणजे सहाशेपैकी ७६ टक्के. पण आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेत २०१० पासून सर्वांत चांगल्या पाच विषयांचे टक्के धरतात. त्यात सहावा, म्हणजे सर्वांत कमी गुणांचा विषय गळतो. तिचा गळलेला विषय होता गणित! ज्या विषयाच्या बळावर इंजिनिअर व्हायचं, तोच विषय टक्क्यांत धरलेला नव्हता. ते ८०.८० मुख्यतः भाषांनी आणि इतिहास-भूगोलाने मिळवून दिले होते.

आणखी एक गोष्ट. गणिताच्या शंभर गुणांत वीस गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ते सहसा सढळ हाताने मिळतात. हिला अठरा होते. म्हणजे लेखी परीक्षेत ऐंशीपैकी चौतीसच. विज्ञानातही प्रात्यक्षिकाचे एकोणीस वजा केले, तर लेखीचे ऐंशीपैकी चव्वेचाळीस उरत होते.

पण एखाद्या दिवशी पेपर वाईट जाऊ शकतो. एकाच परीक्षेवरून मुलीची पारख करू नये, असं मी नेहमीच सांगत आले आहे. म्हणून नववीची वार्षिक, दहावीची सहामाही आणि पूर्वपरीक्षा, असे मिळतील तेवढे जुने पेपर काढायला सांगितले. मंडळाच्या गुणपत्रिकेत गणिताचा एकच आकडा असतो, पण शाळेच्या पेपरांत बीजगणित आणि भूमिती वेगवेगळी दिसतात. भूमितीत तिला चाळीसपैकी पंचवीस-सव्वीस पडत होते, बीजगणितात मात्र तिन्ही परीक्षांत बारा ते चौदा. तेव्हा हे एका दिवसाचं दुर्दैव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी ते सगळे कागद भाऊजींच्या पुढे ठेवले. थोरल्या दिरांशी वाद घालायची आमच्या घरी पद्धत नाही आणि मला तो घालायचाही नव्हता. एवढंच म्हटलं, "भाऊजी, इंजिनिअरिंगची जी राज्याची सीईटी आहे, ती दोनशे गुणांची. त्यातले शंभर एकट्या गणिताचे. प्रश्न आहेत पन्नास, पण प्रत्येकाला दोन गुण. भौतिक आणि रसायन मिळून उरलेले शंभर."

ते बराच वेळ कागद चाळत राहिले. मग म्हणाले, "पण सायन्स घेतलं की सगळे रस्ते उघडे राहतात. आर्टस्‌मधून इंजिनिअर होता येत नाही."

त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. बारावी सायन्सनंतर बी. ए. करता येतं, कायद्याला जाता येतं. उलट मात्र होत नाही. ज्या मुलाला दोन्हींची गती आहे आणि अजून काही ठरलेलं नाही, त्याने सायन्स घ्यावं हे मलाही पटतं. पण रस्ता उघडा ठेवायचा, तर त्याचं भाडं भरावं लागतं. दोन वर्षं न झेपणारा अभ्यास, क्लासची फी आणि शेवटी बारावीला कमी पडलेले गुण. पुढे मग आवडीच्या ठिकाणीही तेच कमी गुण घेऊन जायचं. माझ्या जाऊबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या, "अहो, तिला तरी विचारा."

भाऊजींनी विचारलं. पोरगी म्हणाली, "बाबा, मला वकील व्हायचंय." राज्यशास्त्राचे धडे ती आवडीने वाचते, वक्तृत्वात भाग घेते, हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्याची सांगड कुणी घातली नव्हती. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर कुठल्याही शाखेतून करता येतो. खुल्या वर्गाला बारावीत किमान ४५ टक्के लागतात आणि त्याचीही सीईटी असते. आधी पदवी घेऊन मग तीन वर्षांचा कायदा करायचीही सोय आहे. हे ऐकून भाऊजी म्हणाले, "विचार करतो," आणि उठून गेले.

मैत्रिणींनो, टक्के फुगवून दाखवतात तसे ते झाकूनही ठेवतात. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या घरची भाषा मराठी नव्हती, इंग्रजीचाही आनंदच. तिला एकूण ५८ टक्के, म्हणून घरचे म्हणाले, "पुरे झालं शिक्षण." पण गणितात ६९ आणि विज्ञानात ७१ होते. तिच्या आईला मी पॉलिटेक्निकची माहिती दिली. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षांची पदविका आणि चांगले गुण मिळाले तर पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाट. आज ती पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अठ्ठावन्नावर भागवलं असतं, तर ती घरीच बसली असती.

कुणी म्हणेल, मग कलचाचणीच घ्यावी. आपल्या मंडळाने २०१६ साली दहावीच्या मुलांची ती घेतलीही होती. तिचा उपयोग आहे, पण कल म्हणजे आवड, गती निराळी. गाणं आवडणारीचा गळा गोड असतोच असं नाही. आवड मुलीला विचारावी, गती तिच्या पेपरांत पाहावी. दोन्ही जिथे जुळतात, तिथे पुढची चौकशी करावी.

आणि फॉर्म भरताना घाई करू नका. २०२५ पासून सगळ्या राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले आहेत. दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येते. पण पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, तर ते घ्यावंच लागतं. नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांत बसता येत नाही. तेव्हा शेजारणीच्या मुलीने भरलं म्हणून पहिली ओळ भरू नये. कॉलेजात कोणते विषय शिकवतात, जायला-यायला बस आहे का, हे आधी पाहावं.

आमच्याकडे तीन दिवस भाऊजी कुणाशी फारसं बोलले नाहीत. चौथ्या दिवशी ऑफिसातून येताना सायबर कॅफेची वेळ ठरवूनच आले. फॉर्ममध्ये पहिली पसंती कला शाखेची पडली: अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र. मुदत ठेवीची पावती त्यांनी जाऊबाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "कपाटात ठेवा. कायद्याच्या फीला लागेल."

जाऊबाईंनी पावतीबरोबर ते सगळे जुने पेपरही कपाटात ठेवले. त्यांच्या धाकट्याची दहावी अजून तीन वर्षांवर आहे, पण त्याचे चाचणीचे पेपर आता आमच्या घरातून रद्दीत जात नाहीत.