जुन्या ट्रकला थंड हवा

आमचा १२१० ऊस वाहतुकीला अजून चालतो. इंजिन बिगर-टर्बो, आणि बॉनेटखालची तापलेली हवाच ते ओढायचं. बाहेर ३० आणि आत ६० अंश असले, की तेवढ्याच घनफळात ऑक्सिजन साधारण ९ टक्के कमी. पंप डिझेल मात्र तेवढंच देतो. मग चढाला काळा धूर, आणि मागच्यांच्या शिव्या आम्हाला!

मिस्त्रीकडून पत्र्याची पेटी करून घेतली, चार इंची पाइप रेडिएटरच्या बाजूनं पुढं काढला. तोंड बंपरखाली ठेवायचं नाही. पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टर मूळचाच. ते जाळीदार 'रेसिंग' फिल्टर आपल्या धुळीत कशाला? ताकदीत फार फरक नाही, पण धूर बराच कमी झालाय.

आता मुद्दा. १५ वर्षांवरच्या ट्रकची फिटनेस फी १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० केली, भरली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल नको म्हणतं, तेही मान्य. पण धूर कमी करणारा पाइप 'बदलात' मोडतो का? पासिंगच्या ठिकाणी दोघांना विचारलं, उत्तरं दोन. लेखी कुणी देईल का? गाळप हंगामाआधी आमचं पासिंग आहे.