पुस्तक मिटल्यावर

बंगळुरूच्या कोरमंगलात संध्याकाळ झाली, की गच्च्यांवर पुटपुट सुरू होते. खाली ऐंशी फुटी रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, सोनी वर्ल्डच्या सिग्नलपाशी हॉर्न थांबायचं नाव घेत नाहीत, आणि आतल्या गल्ल्यांमधल्या पीजींच्या गच्च्यांवर, दोरीवरच्या कपड्यांमधून वाट काढत मुलंमुली येरझारा घालत असतात. हातात पुस्तक, पानात अडकवलेलं बोट, नजर आभाळाकडे. कुणाची सीएची परीक्षा, कुणाची वकिलीची. कुणी दिवसभर स्टार्टअपमध्ये राबून संध्याकाळी यूपीएससीला भिडलेलं. सेंट जॉन्समधली वैद्यकीची मुलं लांबूनही ओळखू येतात. चालता चालता ती स्वतःचंच मनगट चाचपत हाडांची नावं घेत असतात. मध्येच वाऱ्याबरोबर ‘अगं, विसरलेच परत!’ असं ऐकू येतं आणि सांगली-बेळगावकडचं कुणीतरी वर आहे हे कळतं.

ते ‘विसरलेच’ मला फार लागतं. त्यात स्वतःवरचा राग असतो. आपली स्मरणशक्तीच कमी, आपल्याला एकाग्रता म्हणून नाहीच, असं ही हुशार पोरं स्वतःला बजावत राहतात. मग बदाम भिजतात, ब्राह्मीच्या गोळ्या येतात, पिवळ्या हायलायटरनं पानंच्या पानं रंगतात. मला मनापासून वाटतं, की दोष त्यांच्या डोक्यात नाही. आपल्याच घरातली अभ्यासाची एक जुनी रीत त्यांच्यापर्यंत पोचायची राहून गेली आहे.

ती रीत म्हणजे परवचा. मिरजेला आमच्या घरी दिवेलागण झाली, की हातपाय धुऊन सगळी भावंडं ओसरीवर बसत. शुभंकरोती, मग तिथी, वार, महिने, नक्षत्रं, आणि मग पाढे. तीसपर्यंतचे झाले, की मोठ्यांची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. आजोबा झोपाळ्यावर डोळे मिटून ऐकत. सतराचा पाढा कुणाचा सातावर अडला, तर ते लगेच आकडा पुरवत नसत. झोपाळा थांबवत आणि वाट पाहत. त्या शांततेत कपाळाला आठ्या घालून आकडा शोधावा लागे, आणि तो सापडला की झोपाळा पुन्हा हलू लागे. पुस्तक किंवा पाटी मात्र कुणाच्याच हातात नसे.

हे शेवटचं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. आपण समजतो, की वाचताना गोष्ट डोक्यात शिरते आणि आठवताना फक्त बाहेर येते. खरं तर आठवण्याच्या खटपटीतच ती पक्की होत असते. २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा पारडं फिरलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचलं की ओळी ओळखीच्या वाटतात आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. परीक्षेच्या हॉलमध्ये ओळी समोर नसतात, आणि मग घाम फुटतो.

माझी भाची वैद्यकी शिकायला माझ्याकडे राहते. पहिल्या वर्षी खांद्यापासून हातात उतरणाऱ्या नसांचं जाळं, ब्रेकियल प्लेक्सस, तिला छळत होतं. आकृती तिनं कितीदा पाहिली असेल, कितीदा रंगवली असेल. ‘मावशी, पाहिलं की सगळं येतं गं, मिटलं की जातं,’ असं म्हणाली. मी तिला बँकेच्या जुन्या पत्रांचे पाठकोरे कागद दिले आणि पुस्तक माझ्याकडे घेतलं. पाच मुळं आली, तीन ट्रंक आले, त्यांचे सहा फाटे आले, आणि पोस्टीरिअर कॉर्डपाशी पेन थांबलं. तिन्ही ट्रंकचे मागचे फाटे मिळून ती होते, नेमकं हेच सुटत होतं. पेन दाताखाली धरून ती बराच वेळ बसली. नाहीच आलं. मग पुस्तक उघडून तेवढाच तुकडा तिनं लाल शाईनं भरला. दोन दिवसांनी दुसरा पाठकोरा कागद, मग आठवड्यानं आणखी एक. लाल शाई कमी होत गेली. आता भाजी निवडता निवडता ती ते हवेत बोटानं काढून दाखवते.

मधले दिवस सोडायचे ते मुद्दाम. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं अर्थहीन अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचं मोजमाप केलं आणि १८८५ साली प्रसिद्ध केलं. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त गळून जातं, पुढे गळती मंदावते. म्हणजे विसरणं हा रोग नव्हे, ती मनाची रोजची चाल आहे. थोडं विसरू द्यावं आणि पुसट झालेलं ओढून आणावं. एका रात्रीत दहा वेळा वाचण्यापेक्षा दहा संध्याकाळी एकेकदा आठवणं केव्हाही चांगलं, आणि परवचा तर रोजचाच होता. घोकंपट्टीला आपण नावं ठेवली ती योग्यच. अर्थ न कळता केलेलं पाठांतर पोकळ असतं. पण घोकण्याबरोबर आपण आठवणंही टाकून दिलं, याचं मला वाईट वाटतं.

एकाग्रतेचं म्हणाल, तर तिचं फार मोठं रूप याच शहरात पाहायला मिळतं. बंगळुरूचे शतावधानी डॉ. आर. गणेश यांनी कन्नडमध्ये अवधानाची कला पुन्हा बहरात आणली. अष्टावधानात अवधानींसमोर आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे, बसतात. एक जण समस्या घालतो, दुसरा शब्द देऊन त्यांवर श्लोक मागतो, तिसरा प्रत्येक अक्षरानंतर पुढचं एक अक्षर निषिद्ध ठरवतो. कुणी अंकांच्या चौकोनातलं मनाला येईल ते घर मध्येच विचारतं. आणि एकाचं कामच व्यत्यय आणण्याचं: भलत्याच गप्पा काढायच्या, अवधानींना हसवायचं, भरकटवायचं. कागद-पेन्सिल नाही. एका फेरीत प्रत्येक श्लोकाची एक ओळ, अशा चार फेऱ्या, आणि शेवटी सगळे श्लोक सलग म्हणून दाखवायचे. वरून पाहता आठ कामं एकदम चाललेली दिसतात. पण नीट पाहिलं, तर ज्याची पाळी त्याच्यापाशी मन पूर्ण असतं. तिथली ओळ झाली, की ते मिटून पुढच्याकडे वळतं. विक्षेप येणारच, हे तिथे गृहीत धरलेलं आहे. कसब आहे ते परत येण्याचं.

आपल्या मुलांच्या उशाशीही असा एक व्यत्यय आणणारा पृच्छक असतो, तो फोन. अवधानी अनेक वर्षांच्या साधनेनं त्याला पुरून उरतात. एकोणीस वर्षांच्या पोरीकडून ती अपेक्षा का धरावी? तासभर फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, एवढं पुरे. झोपेची चोरी करू नये, हेही तितकंच खरं. शिकलेलं मुरतं ते झोपेत.

झोपेइतकाच ताणाचाही विचार करायला हवा. कोरमंगलाहून होसूर रस्त्यानं शहराकडे निघालं, की निम्हान्स ही मेंदू आणि मनाच्या आजारांवरची संस्था लागते. तिथले शंकरनारायण राव आणि बंगळुरूच्याच एनसीबीएस या संस्थेतले सुमंत्र चटर्जी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह उंदरांवर केलेलं काम २००२ साली प्रसिद्ध झालं. दीर्घकाळ ताणाखाली ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत, आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस भागातल्या पेशींच्या फांद्या आखडल्या होत्या. आणि भीतीशी नातं असलेल्या अमिग्डालातल्या फांद्या वाढल्या होत्या. माणसाचं सगळं उंदरावरून ठरत नाही, हे मला मान्य आहे. तरी ‘एवढे पैसे भरलेत, नापास झालीस तर बघ’ असं फोनवर कानी आलं, की मला त्या आखडलेल्या फांद्या आठवतात. आजोबा झोपाळा थांबवून वाट पाहत. कुणी अडलं म्हणून ते ओरडल्याचं मी कधी ऐकलं नाही.

गावाकडे बसलेल्या आईवडिलांना म्हणूनच एक विनंती करते. रात्री लेकीला फोन कराल, तेव्हा किती चॅप्टर झाले हे विचारू नका. ‘आज काय वाचलंस, मला सांग की’, असं म्हणा. तुम्हाला त्यातलं काही कळलं नाही तरी चालेल. ती सांगता सांगता अडली, तर मध्ये बोलू नका, फोनही ठेवू नका. तिला आठवू द्या.