विलापाची वर्णमाला

२२ जुलै २०२१. आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर मला शब्दच सुचेनात. म्हणून प्राचीन हिब्रू ‘विलापगीत’ अभ्यासायला घेतले.

इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनने जेरुसलेम उद्ध्वस्त केले, त्याचा हा शोक. कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल त्या स्मृतिदिनाला ‘बिरड्याचा सण’ म्हणत. वालाचे बिरडे आपलेच!

पाचांपैकी पहिल्या चार गीतांतील कडवी हिब्रूच्या २२ अक्षरांच्या क्रमाने चालतात. पाचव्यातही कडवी २२च. अक्षरांचा क्रम मात्र सुटलेला.

तिथे मी थबकलो. आमच्याकडेही आधी मृतांच्या नावांची यादी झाली होती, क्रमांकानिशी. रडू त्यानंतर आले.