पट्ट्यांचा पट्टा

लोहगडाच्या महादरवाज्याशी आम्ही दम खात बसलो होतो. आमच्यातल्या एकीने गाणं उचललं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पट्टी काळी चार." मी सॅक उघडली. वर डबा, त्याखाली रेनकोट, त्याखाली माऊथ ऑर्गनची पेटी. पेटीतून आधी काळी एक निघाली, मग काळी दोन, मग पांढरी एक. काळी चार हाताला लागली तेव्हा दुसरा अंतरा संपत आला होता. घाईत ती मी उलटी तोंडाला लावली, म्हणजे खर्ज उजवीकडे. पुढचं सांगत नाही.

लोकांना वाटतं, माऊथ ऑर्गन म्हणजे खिशातलं वाद्य, एक असला की झालं. 'दोस्ती'तला रामू एकावर निभावतो, 'शोले'तला जयही. (पडद्यामागे १९६४ साली 'दोस्ती'साठी आर. डी. बर्मन वाजवत होते आणि १९७५ साली 'शोले'साठी भानू गुप्ता.) पण सिनेमातल्या हिरोला कोणी ऐन वेळी पट्टी बदलायला सांगत नाही. आमच्या टोळीत पुरुष काळी एक किंवा दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये, आणि एक काका रोज वेगळ्याच पट्टीत. हार्मोनियमवाला बोटं सरकवून मोकळा होतो. माझा चोवीस भोकांचा ट्रेमोलो माऊथ ऑर्गन मात्र एकाच पट्टीचा, त्यात शुद्ध सूर तेवढे सात. कोमल सूर हवा तर पांढरी एक आणि काळी एक असे दोन बाजे एकावर एक धरायचे आणि ओठ वरखाली न्यायचे. दोघांत मिळून बाराही सूर येतात. म्हणजे पाहा, एका गाण्याला दोन लागले.

बटणाचा क्रोमॅटिक एकटाच बारा सूर देतो, हे मला ठाऊक आहे. घरी आहे एक. पण त्याच्या आत पातळ प्लॅस्टिकच्या झडपा असतात आणि लोणावळ्याच्या पावसाळी हवेत त्या ओल धरून चिकटतात. शिवाय ट्रेमोलोत प्रत्येक सुराला दोन पत्त्या असतात, एकमेकींपेक्षा किंचित चढ्या-उतऱ्या लावलेल्या. त्यातून जी लहर उठते ती क्रोमॅटिकमध्ये नाही. मला ती लहर हवी असते, त्यामुळे ओझं आलंच.

ते ठेवायचं कुठे? माऊथ ऑर्गनची होनर कंपनी काढणारा माथियास होनर मूळचा घड्याळजी. १८५७ साली त्याने जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावात हे बाजे करायला घेतले. घड्याळजीच्या डोक्यात खिसा असणारच. पण त्याचा खिसा कोटाचा होता, माझा ट्रेकच्या पँटचा. पँटच्या खिशात मी चार महिने बाजे ठेवले आणि चार महिने भोकांतून चिक्कीचा चुरा टाचणीने काढला. मग फोटोग्राफर घालतात तसलं जाकीट घेतलं. 'ब्लूज ट्रॅव्हलर' या अमेरिकन बँडचा जॉन पॉपर खास खिशांचं जाकीट घालून वाजवायचा, त्याचे फोटो पाहून ही हौस सुटली होती. पण त्याचे बाजे दहा भोकांचे, मुठीत मावणारे. माझे जवळजवळ वीतभर. अर्धे बाहेर लोंबायचे. पुढे चामड्याचा पट्टा करून घेतला. देखणा होता. आषाढात त्याच्यावर हिरवी बुरशी आली.

उत्तर वासुदेवाकडे होतं. लहानपणी कामशेतला आमच्या दारात तो यायचा. मोरपिसांची टोपी, घोळदार झगा, एका हातात टाळ, दुसऱ्या हातात चिपळ्या आणि कमरेच्या शेल्यात खोचलेला पावा. गिरकी घेतली तरी पावा हलायचा नाही आणि तो काही खाली ठेवायचाही नाही. वारीत विणेकरी वीणा जमिनीवर टेकवत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात देतो. संबळ गोंधळ्याच्या पुढ्यात बांधलेला असतो. आपल्याकडे चालत वाजवणाऱ्यांनी वाद्य अंगावरच वागवलं. पेटीत घालून ती सॅकच्या तळाशी दडवणारा मीच पहिला.

म्हणून शिंप्याकडे गेलो. पहिला पट्टा कमरेचा शिवला, तर लोकलमध्ये बसलो की बाजे बरगड्यांत घुसायचे. दुसरा खांद्यावरून तिरका, जानव्यासारखा. बाहेरून छत्रीचं कापड, आतून जुन्या धोतराचं, कारण सुती कापड ओल पितं. कप्पे उभे, एसटी कंडक्टरच्या जुन्या तिकीटपेटीसारखे. प्रत्येक कप्प्याच्या तळाशी शिंप्याने एकेक काज केलं, म्हणजे पाणी साचत नाही. ही युक्ती त्याची. माझी युक्ती बटणांची. काळ्या पट्ट्यांच्या कप्प्यांवर कोटाची जाड बटणं, पांढरीवर शर्टाची पातळ. काळी चारला चार, काळी पाचला पाच. अंधारात, न बघता, अंगठ्याने मोजायचं. पांढरी एक आणि काळी एक शेजारी, कारण ती दोघं जोडीनेच निघतात.

बाजा ठेवतानाही एक बाजू आहे. तार वर, खर्ज खाली. उजव्या हाताने वरचं टोक धरून उपसला की खर्ज आपोआप डावीकडे येतो आणि लोहगडावरची फजिती पुन्हा होत नाही. परत ठेवण्याआधी भोकं खाली करून तळहातावर चार वेळा आपटायचा. माझ्याकडे एक जुना, लाकडी अंगाचा आहे. हे आपटणं चुकलं की लाकूड फुगून दाते बाहेर येतात आणि ओठ सोलतात.

एक फायदा मात्र कोणाच्याच डोक्यात नव्हता. पौषात पहाटे गडावर धातू गार पडतो, फुंकरीतली वाफ पत्तीवर थिजते आणि सूर बसतो. पूर्वी पहिली दहा मिनिटं बाजा काखेत धरून बसावं लागे. आता सहाही बाजे मळवली स्टेशनपासून छातीशी असतात. वर पोचेपर्यंत ऊबदार, लगेच वाजतात.

खोट एकच. गडाच्या विंचूकाटा माचीकडे उतरताना पट्टा पाठीवर सरकतो. आणखी एक बंद लावायला तो शिंप्याकडे टाकलाय. तेव्हा या रविवारी माझ्याजवळ पुन्हा सॅकच आहे. ज्यांना गायचंय त्यांनी आपली पट्टी मळवली स्टेशनवरच सांगून ठेवावी, काकांनी तर आदल्या रात्री.