आधी वजाबाकी, मग बेरीज

लीड्स

चि. सोनू,


तुझं पत्र आणि कॅरव्हॅनचे फोटो मिळाले. नवी न घेता जुनी घेतलीत, हे मला मनापासून आवडलं. जुन्या कॅरव्हॅनवर स्वतःचा हात फिरवता येतो आणि हात फिरवल्याशिवाय ती आपली होत नाही.

तू सुधारणांची यादी पाठवली आहेस: टीव्हीसाठी भिंतीवर ब्रॅकेट, आणखी दोन कपाटं, जाड गाद्या, छतावर सोलर पॅनेल. त्यातलं एकही काम चुकीचं नाही. फक्त क्रम बदलावा, असं मला वाटतं. घरात एखादं कपाट वाढलं तर काही बिघडत नाही. पण मोटारवेवर ताशी ६० मैलांनी गाडीमागे ओढायच्या वस्तूत प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून कुठलंही काम हाती घेण्याआधी दोन प्रश्न विचारत जा. याने वजन किती वाढेल? आणि यासाठी भिंतीला किंवा छताला भोक पाडावं लागेल का?

आधी वजनाचं बोलू. दाराजवळच्या पाटीवर कॅरव्हॅनचं सामानासह कमाल वजन लिहिलेलं असतं आणि रिकाम्या कॅरव्हॅनचं वजन माहितीपुस्तिकेत सापडतं. समजा, कमाल १३०० किलो आणि रिकामी ११५०. म्हणजे तुमच्या हातात उरले १५०. हाताने ढकलायला नको म्हणून बसवतात ती मोटर सुमारे ३० किलो, बॅटरी २० किलोच्या पुढे, बाहेर लावायचा तंबू २५ च्या घरात. निम्मे किलो तिथेच संपले. उरलेल्यात कपडे, भांडी, किराणा, खुर्च्या आणि मुलांच्या सायकली.

त्यामुळे पहिली सुधारणा म्हणजे सामान बाहेर काढणं. स्टीलची जाड पातेली, काचेच्या बशा आणि इडलीपात्र घरीच राहू दे. मेलामाइनच्या ताटल्या, एकात एक बसणारी हलकी पातेली, एक लहान कुकर आणि छोटा मिसळणाचा डबा एवढ्यात चौघांचा स्वयंपाक नीट होतो. पाण्याची टाकी प्रवासात रिकामी ठेवा. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, आणि नळ प्रत्येक मुक्कामावर असतोच. जड वस्तू खाली, चाकांच्या आसाजवळ ठेवायच्या. वरच्या कपाटांत फक्त हलकं सामान. गाडीच्या हुकवर येणारा भार कॅरव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के असावा, आणि तुमच्या गाडीच्या हुकला चालतो त्यापेक्षा जास्त कधीच नसावा. तो मोजायचा छोटा काटा कॅरव्हॅनच्या दुकानात मिळतो. मागे जास्त भार झाला की कॅरव्हॅन रस्त्यावर डोलायला लागते, आणि ते डोलणं एकदा वाढलं की आवरत नाही.

आता पाणी. या देशात जुन्या कॅरव्हॅनचा खरा शत्रू पाऊसच. तुमच्यासारख्या जुन्या कॅरव्हॅनच्या भिंती बाहेरून पातळ ॲल्युमिनियमच्या आणि आत लाकडी चौकटीच्या असतात. छत आणि भिंत जिथे भेटतात तिथे ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूंनी बसवलेली असते आणि तिच्याखाली फट बुजवणारं मास्टिक भरलेलं असतं. वर्षं गेली की मास्टिक वाळतं, तडकतं, आणि पाणी स्क्रूच्या वाटेने आत झिरपतं. बाहेर काहीच दिसत नाही. आत चौकट कुजत असते. म्हणून ओलमापक विकत घ्या आणि खिडक्यांचे कोपरे, छताच्या कडा, कपाटांचे मागचे भाग तपासा. १५ टक्क्यांच्या आत आकडा असेल तर निर्धास्त राहा, २० च्या वर गेला तर हात लावायलाच हवा.

हे काम घरी करता येतं, फक्त घाई चालत नाही. कोरडे दिवस बघा. पट्टीवरची प्लास्टिकची झाकणपट्टी ओढून काढा, स्क्रू काढा, पट्टी हळूच सैल करा. जुनं मास्टिक प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर चरे पडतात. जागा व्हाइट स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या, नवी ब्युटाइल मास्टिकची फीत लावा आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा. पिळून बाहेर आलेलं मास्टिक काही दिवसांनी कापा. सिलिकॉन मात्र वापरू नका. ते एकदा लागलं की त्याच्यावर दुसरं काही धड चिकटत नाही आणि पुढची दुरुस्ती अवघड होऊन बसते.

तुझा टीव्हीचा ब्रॅकेट इथेच अडतो. आतली भिंत जेमतेम तीन मिलिमीटरच्या प्लायची आहे. स्क्रू तिच्यात धरणार नाही. आत लाकडी पट्टी कुठे आहे ते शोधल्याशिवाय जावईबापूंना ड्रिल हातात घेऊ देऊ नकोस. कपाटांऐवजी कापडी कप्पे शिव, पलंगाशेजारी लटकव. कपाटांच्या तळाशी न घसरणारी जाळी अंथर, फ्रिजच्या खणात ताणून बसणारी दांडी लाव. एकही भोक नाही, वजन नगण्य, आणि वळणावर काही खाली पडणार नाही.

पाणी आतूनही येतं. चार माणसांचा श्वास, ओले कोट आणि आपला स्वयंपाक. उघड्या पातेल्यात डाळ उकळली की त्या वाफेचं पाणी खिडक्यांवरून ओघळतं. कुकरने वाफही कमी होते आणि गॅसही वाचतो. फोडणी शक्यतो बाहेर तंबूत, दार उघडं ठेवून करावी. पण बाहेरचं थंड म्हणून शेगडी बंद तंबूत कधीच पेटवू नकोस. जाड गादी आणण्याआधी आहे तिच्याखाली हवा खेळती राहील अशी जाळी किंवा लाकडी पट्ट्यांची फळी घाल. गादीच्या खालची बुरशी तिथेच थांबते. तळाशी आणि छतात मुद्दाम ठेवलेली हवेची भोकं थंडी लागते म्हणून बुजवू नका. ती गॅससाठी आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच्या आज बसवा.

विजेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा फरक दिव्यांनी पडतो. दहा वॅटचे सहा हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर मिळून ५ अँपिअर घेतात. १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे दहा तासांत ती भागली. त्यांच्या जागी दोन वॅटचे एलईडी लावले की तीच बॅटरी पन्नास तास चालते. बॅटरी चार्ज होताना व्होल्टेज १४ च्या वर जातं, म्हणून १० ते ३० व्होल्ट चालणारेच दिवे घ्या. हे केल्यावर सोलर पॅनेल किती मोठं लागेल, की लागेलच का, ते ठरवता येईल. बसवायचं ठरलं तर छतावर स्क्रू न मारता चिकटवायचे आधार वापरा. तारेसाठी एकच भोक पडेल, त्यावर सीलबंद झाकण बसवा.

दोन कामांना मात्र स्वतः हात लावायचा नाही: गॅसची नळी आणि २३० व्होल्टची जोडणी. त्यासाठी परवानाधारक कारागीरच बोलवा. गॅसच्या माणसाकडे एलपीजीचं काम करायची पात्रता आहे ना, तेही विचार. ब्युटेनची टाकी थंडीत नेऊ नका. शून्य अंशाच्या आसपास ते वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन मात्र चालतं. टायरवरचा चार आकडी शिक्का वाच: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी सात वर्षांवर गेलेला टायर बदलायचा.

गंमत अशी की वजनाचा हा प्रश्न कॅरव्हॅनच्या जन्मापासूनचाच आहे. नौदलातले डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टलमध्ये केवळ हौसेने फिरण्यासाठी 'वॉन्डरर' नावाची गाडी बनवून घेतली आणि तिच्यातून थेट इनव्हरनेसपर्यंत गेले. उत्तम लाकडाची ती देखणी गाडी ओढायला दोन घोडे लागत. तुमच्याकडे एकच मोटारगाडी आहे, तिच्यावर दया ठेवा.

तेव्हा टीव्हीचा ब्रॅकेट मागवण्याआधी जवळचा धर्मकाटा शोधा, प्रवासाला निघताना भरता तशी कॅरव्हॅन भरून तिथे न्या आणि आकडा मला कळव. त्या आकड्यावरून पुढची यादी आपण मिळून करू.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मावशी