लंडनच्या खर्चाचा कागद

नागपूर

प्रिय बेटा,


तू पाठवलेला खर्चाचा तक्ता काल रात्री नीट पाहिला. ताई-भाऊजींना घेऊन दहा दिवस लंडन, आणि त्यातला एक दिवस किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरासाठी राखून ठेवलेला! वाचून ऊर भरून आला. तक्ताही मेहनतीने केला आहेस. विमान, हॉटेल, व्हिसा, जेवण, फिरणं, खरेदी आणि खाली रुपयांत एक बेरीज. माझं म्हणणं आहे ते त्या एका बेरजेबद्दल. सगळा खर्च रुपयांत मांडून खाली एकच आकडा लिहिला, की परदेशवारीतली खरी जोखीम कागदावर दिसतच नाही. ती दाखवायला दाखला लांब शोधायला नको. ज्यांच्या घरी तुम्ही चालला आहात, त्यांच्याच दोन प्रवासांचा हिशेब पाहू.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षण आटोपल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची, असा करार ४ जून १९१३ रोजी झाला. पुढच्याच महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले. त्या वेळी रुपयाला १ शिलिंग ४ पेनी मिळत, म्हणजे पौंड १५ रुपयांचा. साडेअकरा पौंडांचे १७२ रुपये ८ आणे होतात. मुंबईत ही रक्कम भरभक्कम, न्यूयॉर्कमध्ये मात्र जेमतेम. त्यातूनच घरीही पैसे पाठवावे लागत. तरीसुद्धा पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली.

१९१६ मध्ये ते लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश झाला, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही नाव घातलं. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धाच झाला होता. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी मिळवून ते मुंबईला परतले.

सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं. पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं, आणि ती बोट टॉर्पेडोने बुडाली. न्यूयॉर्कची पुस्तकं समुद्रात गेली. टॉमस कुक कंपनीकडून सामानाची भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले, तेव्हा कुठे बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला जाण्याची सोय झाली. एवढा शिकलेला माणूस मायदेशी उतरला तेव्हा त्याच्या हाती पुढच्या प्रवासापुरतेही पैसे नव्हते. म्हणून तुझ्या तक्त्यात परत आल्यानंतरच्या महिन्याचा खर्च वेगळा बाजूला काढलेला मला पाहायचा आहे. घराचा हप्ता, ताईची औषधं, वीजबिल, हे सगळं तुम्ही लंडनमध्ये असलात तरी चालूच राहणार. बाबासाहेब परदेशी असताना पत्नी रमाईंनी तुटपुंज्या पैशांत घर कसं चालवलं, ते आपल्या घरात लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलं आहे. त्या प्रवासांची अर्धी किंमत मुंबईत मोजली जात होती.

विम्याचा रकाना तू रिकामा सोडला आहेस. ब्रिटनच्या व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही, म्हणून सोडला असशील. शेंगेन देशांना जाताना किमान ३०,००० युरोंचं संरक्षण दाखवावंच लागतं, तशी अट इथे नाही, हे खरं. पण बाहेरून आलेल्या पाहुण्याला तिथल्या सरकारी रुग्णालयात भरती व्हावं लागलं, तर ठरलेल्या दराच्या दीडपट बिल लागतं. भाऊजींची साखर आणि ताईचा रक्तदाब अर्जात स्पष्ट लिहून, ते धरून मिळणारी पॉलिसी घे. आधीचे आजार लपवून घेतलेली स्वस्त पॉलिसी ऐन वेळी कामाला येत नाही. या एका ठिकाणी काटकसर करू नकोस, हे मी मामा म्हणून हक्काने सांगतो.

आता दुसरा प्रवास. माझ्या मते हिशेबाचा खरा धडा यातच आहे.

नोव्हेंबर १९१८ पासून बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, पगार महिना ४५० रुपये. त्यातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि न्यूयॉर्कपासूनचे मित्र नवल भथेना यांनी ५,००० रुपये उसने दिले. पाच हजार म्हणजे अकरा महिन्यांच्या पगाराहून जास्त. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. पहिल्या वेळी पैसा पौंडांत ठरलेला होता, रुपयाच्या चढउताराची झळ शिष्यवृत्तीला नव्हती. या वेळी पैसा रुपयांत आणि खर्च पौंडांत. आणि नेमकं तेच वर्ष रुपयाच्या इतिहासातलं अत्यंत बेभरवशाचं वर्ष होतं.

१९२० च्या सुरुवातीला रुपयाचा भाव २ शिलिंगांच्याही वर गेला होता. सरकारने तो २ शिलिंगांवर टिकवायचा आटापिटा केला, पण जमलं नाही. वर्ष उलटतं न उलटतं तोच तो १ शिलिंग ४ पेनीपर्यंत आणि त्याच्याही खाली घसरला. पाच हजार रुपयांचंच गणित कर. रुपया २ शिलिंगांचा असताना त्यांचे ५०० पौंड होतात. तोच १ शिलिंग ४ पेनीवर आला, की ३३३ पौंड. पेटीतला एक रुपयाही खर्च न होता १६७ पौंड नाहीसे! हिंदुस्थानातून पैसे मागवून लंडनमध्ये राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचं त्या काळात असंच झालं असणार. आणि बाबासाहेब तिथे ज्या विषयावर प्रबंध लिहीत होते, तो विषय रुपयाचाच होता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ च्या अखेरीस लंडनमध्ये पुस्तकरूपाने आला. परीक्षकांनी प्रबंधात फेरफार सुचवले तोवर जवळचे पैसे संपले होते. म्हणून त्या वर्षी एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, इथूनच दुरुस्त प्रबंध पाठवला आणि डी.एस्सी. मिळवली. पुढे १९२५ मध्ये हिंदी चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली.

तेव्हा तुझा तक्ता दोन भागांत कर. जे रुपयांत आणि निघण्याआधी जातं ते एका बाजूला, जे तिथे पौंडांत जाईल ते दुसऱ्या बाजूला, आणि दुसरी बाजू पौंडांतच लिही. तिथला खर्च समजा १,५०० पौंड आहे. पौंड ११५ रुपयांचा धरला तर १,७२,५०० रुपये लागतात, १२२ झाला तर १,८३,०००. साडेदहा हजारांचा फरक, तोही एखादा चहा जास्त न पिता. आजचा दर तू धरला आहेस, त्यापेक्षा थोडा चढा दर धर. आणि सगळे पौंड निघायच्या आदल्या दिवशी घेण्यापेक्षा दोन-तीन टप्प्यांत फॉरेक्स कार्डावर चढव. दर कधी पडेल याचा अंदाज बांधत बसू नकोस, त्यात भलेभले चुकले आहेत.

रुपयांच्या बाजूला काही गोष्टी राहून गेल्या आहेत. भाऊजींचा पासपोर्ट संपत आलाय, त्याच्या नूतनीकरणाचे ३६ पानांसाठी १,५०० रुपये, तत्काळ केला तर आणखी २,०००. ब्रिटनच्या सहा महिन्यांच्या व्हिसाचं शुल्क ९ एप्रिल २०२५ पासून १२७ पौंड झालं. तिघांचे ३८१ पौंड, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. अर्ज भरायच्या दिवशी चालू दर पाहून घे. बोटांचे ठसे द्यायला ज्या शहरात जावं लागेल, तिथलं तिघांचं जाणंयेणंही त्यातच धर. मुंबईहून विमान स्वस्त दिसतंय म्हणून तू तेच धरलंस. पण आपल्या सोनेगाव विमानतळावरून आखाती देशामार्गे जाणाऱ्या तिकिटाशी तुलना करताना मुंबईपर्यंतचं भाडं, एका रात्रीचं हॉटेल, टॅक्सी आणि जादा सामानाचे पैसे त्यात मिळव. वेगवेगळी तिकिटं काढली आणि नागपूरची गाडी किंवा विमान उशिरा पोहोचलं, तर पुढचं तिकीट बुडतं, ते वेगळंच.

टूर कंपनीचं पॅकेज घेतलंस तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा करायचा आयकर, घेतात. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून भरण्याआधी विचार. ती रक्कम बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वजा मागता येते, पण तोपर्यंत हातातून गेलेलीच असते. स्वतः सगळं ठरवून फॉरेक्स कार्ड घेतलं, तर १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. आपलं साधं क्रेडिट कार्ड तिथे वापरलं तर बहुतेक बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास जादा घेतात, त्यावर जीएसटी. दुकानातल्या यंत्रावर ‘रुपयांत भरायचे की पौंडांत’ असं विचारलं, तर पौंडच निवड. रुपये म्हटलं की दर यंत्र चालवणारे ठरवतात. आणि खरेदीवरचा कर विमानतळावर परत मिळतो, ही जुन्या प्रवाशांची माहिती आता ब्रिटनला लागू नाही. लंडनमध्ये घेऊन बॅगेतून आणलेल्या वस्तूंसाठी ती सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे.

तिथे फिरायला मात्र वाटतं तितके पैसे लागत नाहीत. बाबासाहेब जिथे तासन्‌तास वाचत बसत, त्या ब्रिटिश म्युझियमला प्रवेश फुकट आहे. तिथून किंग हेन्रीज रोड साधारण चार किलोमीटर. गाडीभाडं वाचवायला ते लंडनभर पायी हिंडत. ताईच्या गुडघ्यांनी ते करू नये. घराजवळचं चॉक फार्म स्टेशन झोन २ मध्ये येतं. झोन १ आणि २ मध्ये दिवसभर कितीही फिरलं तरी माणशी ठरावीक रकमेवर भाडं कापलं जात नाही, मार्च २०२५ पासून ती मर्यादा ८ पौंड ९० पेन्स होती. पण प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड हवं, एकाच कार्डावर तिघं आत जाऊ शकत नाहीत. दोन जादा कार्डांची सोय इथूनच करून ने.

किंग हेन्रीज रोडवरचं ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये सुमारे ३१ लाख पौंडांना विकत घेतलं, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात लंडनच्या दिवसांचं वर्णन आहे. खाणावळीची मालकीण कमालीची चिकट, सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, आणि रात्री भूक लागली की कोणा ओळखीच्या माणसाने दिलेले चार पापड पत्र्यावर भाजून त्यावर कपभर दूध. बाबासाहेब ज्ञानासाठी उपाशी राहिले. तू आई-बाबांच्या जेवणाचा रकाना दिवसाला तिघांत १५ पौंडांवर आणून ठेवला आहेस, तो मला मान्य नाही. खरेदीचा रकाना अर्धा कर आणि जेवणाचा दुप्पट. सोबत पापड, चटण्या, भाजके पोहे न्या. दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे ताईने कितीही आग्रह केला तरी संत्रा बर्फीचा डबा इथेच राहू दे.

रोख पौंड थोडेच घे, तेही अधिकृत मनी चेंजरकडूनच, आणि पावती जपून ठेव. पन्नास हजारांवरची रक्कम त्याला रोखीने देता येत नाही, बँकेतून द्यावी लागते. सुधारलेला तक्ता घेऊन रविवारी इंदोऱ्याला ये. येताना भाऊजींच्या औषधांची चिठ्ठी आण, औषधांची मूळ नावं टाइप केलेली. विम्याचा अर्ज आपण इथेच बसून भरू.

तुझा,
मामा